पट्टा, पात, भुसा

पट्टा

जुन्या आरागिरणीत छताखाली एक आडवा शाफ्ट, त्यावर लहानमोठ्या पुल्या, प्रत्येक पुलीवरून खाली उतरलेला एकेक पट्टा. एक आरा मशीनवर, एक रंध्यावर, एक धारेच्या दगडावर. कोपऱ्यातलं एकच इंजिन हे सगळं फिरवायचं. एखादं मशीन उलटं फिरवायचं असेल तर पट्ट्याला मध्ये एक पीळ. थांबवायचं असेल तर लाकडी दांडीनं पट्टा शेजारच्या मोकळ्या पुलीवर सरकवायचा. इंजिन आपलं चालूच. पट्टा घसरू लागला की राळ. जोड सुटला की चामड्याची वादी, पुढं पुढं लोखंडी दातेरी क्लिप.

मग दर मशीनला स्वतःची मोटार आली आणि शाफ्ट सगळ्यात आधी भंगारात गेला. सरळ, जाड, गोल लोखंड कुणालाही कशालाही चालतं. म्हणून आज जुनी मशिनं मिळतात, त्यांना फिरवणारी मांडणी मिळत नाही. मशीन बघायला गेलो की मी आधी पुली बघतो. रुंद सपाट पुली जागेवर असेल तर मशीनला फारसा कुणाचा हात लागलेला नाही. तिथं व्ही बेल्टची खाचेची पुली दिसली तर पुढचे प्रश्न विचारायचे. शाफ्ट कापला का? फेरे वाढवले का? बिडाच्या जुन्या चाकांना वाढवलेले फेरे सोसत नाहीत.

इंजिन

एका सिलिंडरचं, उभं. डोक्यावरची कळ उचलून दाब सोडायचा, हँडल मारून चाकाला वेग द्यायचा, कळ पाडायची आणि हात वेळेवर काढून घ्यायचा. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची. राजकोटकडून येणारी ‘लिस्टर टाइप’ इंजिनं १९२९ च्या एका इंग्रजी मॉडेलच्या बेतावर बनलेली. आधी विहिरीवर, मग पिठाच्या चक्कीवर, मग आऱ्यावर, असा त्यांचा गावातला प्रवास. ही इंजिनं अजून दुर्मीळ झालेली नाहीत. हँडल मारणारा मनगटाचा माणूस मात्र झाला.

ठिकाणं

बोरी अरब हे यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीकाठचं गाव. या टापूत लाकूडकामाचं जुनं मशीन शोधायचं तर चार दारं. बंद पडलेली आरा मशीन. जुन्या जिनिंग-प्रेसिंगचं फिटरखातं. आयटीआय किंवा सरकारी कर्मशाळेचा निर्लेखनाचा लिलाव. आणि भंगारवाला. पहिल्या दारात मालक भावनेनं किंमत सांगतो, चौथ्या दारात वजनानं. मला चौथं दार परवडतं, पण तिथं पोचेपर्यंत मशीनचे लहान भाग निघून गेलेले असतात. टेबलाची कड, उंचीचं स्क्रू-चाक, आडवा गज, पितळी तेलपात्र. मोठं बीड कुणी चोरत नाही. पितळ आधी जातं.

सरकारी लिलावात एक वेगळी अडचण. तिथं मशीन ‘जसे आहे जेथे आहे’ विकतात, बहुतेकदा इतर लोखंडासकट ढिगानं. एक रंधा मशीन हवं असेल तर त्याच्यासोबत मोडकी बाकं, फाटक्या पत्र्याची कपाटं आणि दोन कूलरही घ्यावे लागतात.

आरा मशीन

दोन मोठी चाकं, एक वर एक खाली, त्यांवरून फिरणारी दातेरी पात. वरचं चाक वर-खाली सरकतं आणि मागं लोंबणाऱ्या वजनानं पात ताणून धरतं. पट्टीच्या करवतीचं पेटंट इंग्लंडात विल्यम न्यूबेरीनं १८०८ मध्ये घेतलं. पण सारखी वाकून सरळ होणारी पात न तुटता टिकेल असं पोलाद आणि असा जोड साधायला पुढं कित्येक वर्षं गेली. कल्पना आधी, पोलाद नंतर.

विकत घ्यायच्या आधी चाकाला हातोडीचा हलका ठोका द्यायचा. खणखणीत वाजलं तर घ्यावं. भद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे, आणि तडा गेलेलं बीड हजार किलोचं असलं तरी फुकटही नको. पितळेचा डाग देऊन आसन जोडता येतं, फिरतं चाक जोडू नये. विकणारा म्हणतोच, वेल्डिंग मारलं की झालं. मान हलवायची आणि चहा पिऊन निघायचं.

पात

मशीनपेक्षा आधी गेली ती पातेची देखभाल. तुटलेल्या पातेची टोकं तिरपी घासून एकावर एक ठेवायची, मध्ये जोडाचा पातळ धातू, वर टाकणखार, आणि लालबुंद सांडशीत दाबून धरायचं. थंड झाल्यावर जोड इतका घासायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. जाड राहिला तर दर फेऱ्याला एक ‘टक’. दाताच्या खाचेत बारीक चीर दिसली तर तिच्या टोकाला पंचचा ठोका द्यायचा, म्हणजे चीर तिथंच अडते. दात आळीपाळीनं डावी-उजवीकडे वाकवायचे, नाहीतर पात लाकडात अडकते. मग त्रिकोणी कानस, दर दाताला सारख्या संख्येनं हात.

आता पात शहरातून जोडून येते. बोथट झाली की नवी. यात वाईट काही नाही, खरं तर वेळ वाचतो. पण कानशीनं दात काढणारा माणूस लाकडाकडे बघून दात काढायचा. ओल्या बाभळीला मोठे नि मोकळे, सुक्या सागाला बारीक. शहरातून येणारी पात सगळ्या लाकडांना एकच.

पाठीमागची खूण

जुन्या वाड्याच्या दाराची, माळ्याच्या फळीची पुढची बाजू रंध्यानं गुळगुळीत केलेली असते. पाठ मात्र तशीच सोडतात. तिथं बॅटरीचा तिरका उजेड टाकावा. रेषा सरळ पण वेड्यावाकड्या अंतरावर, मधूनच कोन बदललेला, तर फळी दोघा करवत्यांनी हातानं कापली आहे. ओंडका घोडीवर किंवा खड्ड्यावर, एक माणूस वर, एक खाली, खालच्याच्या डोळ्यांत भुसा. रेषा कमानीसारख्या वळलेल्या तर गोल चक्रीची करवत. सरळ, समांतर, एकसारख्या, तर पट्टीचा आरा. घर किती जुनं आहे हे सांगताना घरमालक हमखास पन्नास वर्षं वाढवतो. फळीची पाठ तसं करत नाही.

चौथाई

ओंडक्याची गोलाई दोरीनं मोजायची, तिचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. झालं घनफळ. हा हिशेब एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रजाच्या १७३६ सालच्या कोष्टकांवरून जगभर गेला आणि आपल्याकडच्या लाकूड डेपोंतही शिरला. गणितानं तो चुकीचा आहे: खऱ्या घनफळाच्या साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच उत्तर येतं. धंद्यानं तो बरोबर आहे, कारण उरलेले साडेएकवीस टक्के साल, बगला आणि भुसा यांत जाणारच, हे घेणाऱ्याला नि विकणाऱ्याला आधीपासून मान्य. तोटा मोजमापातच बसवलेला. असा प्रामाणिक हिशेब मला दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसलेला नाही.

दोरीला गाठी मारून गोलाई मोजणारे गेले. इंच आणि सूत मात्र टिकलं. मीटरच्या टेपवर मिस्त्री अजून इंचाचीच बाजू बघतो आणि ‘दोन सूत कमी घे’ म्हणतो.

परवाना

इथं जरा थांबायला हवं, कारण जुन्या मशिनांचं मरण गंजानं कमी आणि कागदानं जास्त झालं.

यवतमाळ हा सागाचा जिल्हा. वणी, पांढरकवडा, उमरखेड या पट्ट्यातला साग चांगला, म्हणून त्याची चोरीही चांगली. सागाचा ओंडका वनखात्याच्या हातोड्याच्या ठशाशिवाय आणि वाहतूक पासाशिवाय हलवता येत नाही. ही लाकडाची बाजू. यंत्राची बाजू तमिळनाडूतल्या एका प्रकरणानं ठरली. निलगिरीतल्या गुडलूरच्या जंगलतोडीविरुद्ध टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानं जंगलातलं बिगर-वन काम थांबलं, त्यात आरागिरण्या नावानिशी आल्या. ३० ऑक्टोबर २००२ च्या आदेशानं देशभरातल्या विनापरवाना आरागिरण्या बंद करायला सांगितलं आणि नव्या आरागिरणीला केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या संमतीची अट घातली. २०१६ मध्ये केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना आल्या, राज्यपातळीवर समित्या झाल्या.

कायद्यावर माझा राग नाही. रात्रीतून उभा साग आडवा करून पहाटेपर्यंत त्याच्या चौकटी पाडणारे आरे होते, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. ओंडका ओळखता येतो, फळी ओळखता येत नाही. तेव्हा अडवायचं तर आऱ्यावरच अडवायला हवं, हे तर्काला धरून झालं.

परिणाम एवढाच की जुना आरा विकत मिळतो, तो चालवायचा हक्क विकत मिळत नाही. परवाना नसेल तर ते वजनाचं लोखंड. जुनं म्हणून जपलंय, वर्षातून एकदा चालवून दाखवतो, असं म्हणायला अर्जात रकाना नाही. म्हणून आरा मशीन मी घेत नाही. बघायला जातो, ठोका मारतो, पाटी वाचतो. रंधा, लेथ, भोकं पाडायचं मशीन, एवढंच घेतो.

पाटी

बिडातच ओतलेलं नाव किंवा चार रिव्हेटनी बसवलेली पितळी पट्टी. वॅडकिन, लेस्टर: ही लाकूडकामाच्या यंत्रांची कंपनी १८९७ ची. रॉबिन्सन, रॉचडेल. रॅन्सम, न्यूअर्क. अशी नावं मोठ्या सरकारी नि रेल्वेच्या कारखान्यांसाठी. आपल्या गावठाणातल्या आऱ्यांवर बहुधा नाव नसतंच. नमुना बघून जवळच्या फाउंड्रीत ओतून घेतलेलं बीड. जमवणाऱ्यांना पाटी हवी असते, कारण पाटीवर किंमत चढते. मी बिननावाच्या मशिनांच्या बाजूचा आहे. त्यांचे सुटे भाग कुठल्याही कॅटलॉगात कधी नव्हते, त्यामुळे ते ‘मिळत नाहीत’ अशी तक्रारही नाही. बनवायचे.

ओतीव बेअरिंग

जुन्या मशिनात गोळ्यांचं बेअरिंग नसतं. शाफ्ट बिडाच्या दोन अर्ध्या पाळ्यांत फिरतो आणि पाळ्यांना आतून मऊ पांढऱ्या धातूचं अस्तर असतं. कथील, अँटिमनी, तांबं. स्वस्तात शिशावर भागवलेलं. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकनाचं हे १८३९ चं पेटंट. युक्ती साधी: अस्तर शाफ्टपेक्षा मऊ. तेल संपलं, माती गेली, तर झिजायचं ते अस्तर, शाफ्ट नाही. आणि अस्तर पुन्हा ओतता येतं.

यवतमाळ-दारव्हा भागात हे काम करणारे आता हुडकावे लागतात. मी ज्यांच्याकडून करून घेतलं ते मिस्त्री जिनमध्ये उमेदवारीला होते. आधी जुनं अस्तर वितळवून काढलं. पाळी सोड्याच्या उकळत्या पाण्यात, मग कानशीनं, मग पुन्हा पाण्यात. शाफ्ट जागेवर ठेवून सगळीकडून सारखं अंतर येईपर्यंत खाली पत्र्याचे तुकडे सरकवत बसले. अर्धा दिवस याच्यातच. शाफ्टवर चिमणीची काजळी धरली, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. दोन्ही टोकं मळलेल्या मातीनं बंद, वर ओतायला एक चोच. पाळी तापवली. मी विचारलं, नुसतं ओतलं तर? ‘थंड्या लोखंडात ओतलं तं धरत नाही. अन् ओल राहिली तं तोंडावर उडते. तुम्ही तिकडं व्हा, भाऊ.’

वाटीत धातू पाण्यासारखा झाला तेव्हा त्यात झाडूची कोरडी काडी बुडवून काढली. काडी तपकिरी करपली. पेटली असती तर धातू फार तापला. पांढरीच राहिली असती तर थंड. मग एका धारेत, न थांबता ओतलं. मध्ये थांबलं की थरावर थर बसतो आणि तिथंच पुढं सुटतो. निवल्यावर खरं काम: शाफ्टला निळा रंग पुसायचा, पाळीत फिरवायचा, जिथं निळं लागलं तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा फिरवणं. निळे ठिपके सगळीकडे सारखे दिसू लागेपर्यंत. शेवटी तेलासाठी दोन तिरप्या चरी.

हे सगळं झाल्यावर शाफ्ट बोटानं ढकलला तर फिरत राहिला. मिस्त्री त्याच्याकडे न बघता हात धूत होते. मुलाला हे शिकवलं का, असं विचारलं. मुलगा पुण्यात सीएनसीवर आहे, म्हणाले. तक्रारीच्या सुरात अजिबात नाही.

चौकोनी मुंडकं

जुन्या रंधा मशीनची पाती एका चौकोनी ठोकळ्यावर बोल्टनी बसवलेली असतात. टेबल आणि ठोकळा यांच्यामध्ये फिरताना मोठी फट उघडते, बोट आत ओढलं जातं, आणि गेलं तर पेरापर्यंत जात नाही, मुळापर्यंत जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल मुंडकी आली तेव्हा इजा कमी झाल्या. जखम झाली तरी वरवरची. मूळ रूप राखायचा हट्ट इथं धरू नये. चौकोनी मुंडकं काढून गोल बसवावं, जुनं फळीवर ठेवून द्यावं. जुन्या सुतारांच्या हातांची बोटं मोजली की याच्यावर वाद होत नाही.

शकुंतला

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-दारव्हा-यवतमाळ ही नॅरोगेज गाडी, किलिक निक्सनच्या काळातली, कापूस बाहेर काढण्यासाठी टाकलेली. कापूस ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं लोखंड आत आलं असणार. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलं आणि १५ एप्रिल १९९४ पर्यंत ओढत राहिलं. गाडी आता थांबलेली. इंजिनासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत, असावेतही. त्याच वयाचा आरा मात्र कुणी फोटो न काढता तोडून विकला जातो.

भुशाची शेगडी

पत्र्याचा डबा, बुडाशी एका बाजूला भोक. डब्याच्या मधोमध काचेची बाटली उभी, भोकातून आत सरकवलेला दांडका तिला टेकलेला. भोवती कोरडा भुसा थराथरानं घालून मुठीनं ठासायचा. मग बाटली फिरवत फिरवत वर आणि दांडका हळूच बाहेर. ठासणं कच्चं असेल तर इथंच सगळं कोसळतं आणि पुन्हा पहिल्यापासून. जमलं तर आत एक काटकोनी बोगदा उरतो. खालून पेटवायची. धूर सुरुवातीला, नंतर नुसती धग, तासन् तास एकसारखी. तुरीची डाळ, आंघोळीचं पाणी. सागाचा भुसा उत्तम, बाभळीचा ओला कुचकामी.

आरा मशीनवर सकाळी पोती घेऊन बायका उभ्या राहायच्या. भुसा आधी फुकट होता, मग पोत्यावर भाव लागला. गॅस आला, २०१६ नंतर उज्ज्वलाचा आला. भुसा आता दाबून कांड्या करायला ट्रकनं जातो. बाटली कशासाठी, असं घरातल्या मुलांना विचारून बघा.

बंडी

गिऱ्हाईक गेलं की मशीन जातं, म्हणून ही बैलगाडीची नोंद. चाकाचा तुंबा, त्यात ठोकलेले दांडे म्हणजे आरे, आऱ्यांवर पुठे, दर पुठ्यात दोन आरे, आणि सगळ्याला आवळणारी लोखंडी धाव. धाव चाकापेक्षा मुद्दाम थोडी लहान. गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चढवायची, लाकूड पेटायच्या आत पाणी ओतायचं. लोखंड आवळतं, सांधे कुरकुरत बसतात. आखाला धावडा, चाकाला बाभूळ, सांगाड्याला तिवस किंवा साग. वाढई लाकूड बघून ठरवायचा आणि चूक निघाली तर पेरणीच्या ऐन दिवसांत शेतकरी दारात येऊन बसायचा. रबरी टायर आले, मग ट्रॅक्टरची ट्रॉली.

तिफण, सरतं, चाडं

बंडीसारखीच ही पेरणीची लाकडी अवजारं. चाड्यात मूठ, नळ्यांतून बी तीन तासांत, म्हणजे तीन ओळींत. ज्वारी गेली, सोयाबीन आलं, पेरणी ट्रॅक्टरवर गेली. कोळपणीचा डवरा टिकला, कारण सोयाबीनच्या ओळींत अजून बैल लागतो. त्याला लोखंडी दांडी आली आहे.

लेथ

मी घेतलेल्यांपैकी रोज फिरणारं मशीन हेच. दोन बिडाची डोकी, खाली सागाची जोड वाशांची घोडी, मूळचा पायटा काढून कुणीतरी अर्ध्या एचपीची मोटार लावलेली. ती तशीच ठेवली. गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात, जुन्या बॅटरी चार्जरची उणे तार मशीनच्या भागाला आणि अधिक तार टाकाऊ लोखंडाला लावून काढला. मशीनचा रंग खरवडला नाही. पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब, लाटणी यांसाठी बनलेलं मशीन. त्यातलं काही आता येत नाही. येतात ते नंदी.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी बैल सजवून दोरीनं ओढत दारोदार नेतात. नागपूरच्या भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला सण, वऱ्हाडातही रुजलेला. दर बैलाला चार चाकं. श्रावणात हा लेथ चालवणाऱ्या मिस्त्रींकडे एवढी चाकं लागतात की लेथ थंड होत नाही. मी सुचवलं की चाकाच्या कडेला एखादी गोल रेघ काढावी, जुन्या नंद्यांना असायची. मिस्त्री म्हणाले, ‘पोरगं संध्याकाळपर्यंत मोडून टाकते बा. रेघीचे पैसे कोण देईन?’ यंदा त्यांनी प्लायवूडच्या गोल चकत्या यवतमाळहून कापून मागवल्या आहेत. लेथवर आता कडा घासायची आणि मधलं भोक, एवढंच.